माळ्यावर ठेवलेले मानचिन्ह

वाचकाचे पत्र: "गेली अकरा वर्षे मी हौशी रंगभूमीवर काम करत आहे. यंदा एका नाट्यस्पर्धेच्या अंतिम फेरीत मला स्त्री अभिनयाचे प्रथम पारितोषिक मिळाले. दोन दिवसांनी तालमीच्या जागी आमच्या नाटकाचे दिग्दर्शक, जे त्याच नाटकात नायकाची भूमिकाही करत होते, सर्वांसमोर म्हणाले, 'बायकांच्या गटात चढाओढ होती कुठे? सगळ्या नाटकांत मिळून अकरा जणी. आमच्याकडे चाळीस जण होते. ते पारितोषिक आणि हे पारितोषिक एका मापाने मोजू नका.' सगळे हसले आणि मीही हसले. खरे तर या भूमिकेसाठी संस्थेतल्या नऊ जणींनी वाचन दिले होते आणि माझी निवड झाली तेव्हा मला फार आनंद झाला होता. पण आता त्याही आनंदाची लाज वाटते. मानचिन्ह वर्तमानपत्रात गुंडाळून मी माळ्यावर ठेवले आहे. पुढच्या वर्षीच्या प्रवेशिकेसोबत 'वैयक्तिक पारितोषिकासाठी माझा विचार करू नये' असे आयोजकांना लिहून द्यावे, असे मनात आहे. स्त्रियांसाठी वेगळे पारितोषिक ही सवलतच आहे का? ता. क. नाटकात माझ्या आईची भूमिका करणाऱ्या मैत्रिणीला काहीच मिळाले नाही. तिच्याशी कसे बोलावे ते कळत नाही. कृपया नाव छापू नये."

सप्रेम नमस्कार.

आयोजकांना असे पत्र तुम्ही देऊ नये, हे माझे मत आधीच सांगून टाकते. तुमच्या पत्रात एक वाक्य तुम्ही सहज लिहून पुढे गेला आहात आणि मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या वाक्यातच आहे. या भूमिकेसाठी नऊ जणींनी वाचन दिले होते, असे तुम्ही म्हणता. नायकाच्या भूमिकेसाठी किती जणांनी वाचन दिले, हे तुम्ही लिहिलेले नाही. पण दिग्दर्शक स्वतःच ती भूमिका करत होते, म्हणजे तिथे वाचनाची वेळच आली नसावी, असे मी धरून चालते. मग चढाओढ नेमकी कुठे झाली? पुरुष कलावंतांची चढाओढ परीक्षकांसमोर, उजेडात, गुणपत्रिकेवर झाली. तुमची चढाओढ त्याच्या कितीतरी आधी, तालमीच्या खोलीत, सतरंजीवर बसून संहितेची पाने उलटताना झाली आणि तिथून आठ जणी घरी परतल्या. तुमच्या संस्थेत जे झाले, तेच इतर संस्थांमध्येही कमीअधिक प्रमाणात झाले असणार. म्हणजे रंगमंचावर ज्या अकरा जणी दिसल्या, त्या मुळात अकरा नव्हत्या. त्या उरलेल्या अकरा होत्या. स्त्रियांच्या भूमिका मोजक्या लिहिल्या जातात, मोजक्या निवडल्या जातात, आणि त्या मोजक्या जागांवर पोहोचलेल्या स्त्रीला पुन्हा 'तुमच्यात होतेच कोण' असे विचारले जाते. ज्या टंचाईने तुमची वाट अवघड केली, तीच टंचाई तुमच्या यशाला कमी लेखण्यासाठी पुराव्यासारखी पुढे करायची, हा हिशेब मला मान्य नाही आणि तो तुम्हीही मान्य करू नये.

सवलतीच्या प्रश्नाकडे वळते. वेगळे पारितोषिक ही सवलत आहे का, हे ठरवण्याचा एक सरळ मार्ग म्हणजे जिथे ते वेगळे नव्हते तिथे काय घडले ते पाहणे. हिंदी चित्रपटसंगीताचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, तेव्हा संगीतकाराला पारितोषिक होते, पण गाणाऱ्याला नव्हते. संगीतकाराला पारितोषिक मिळवून देणारे गाणे समारंभात गाण्याची विनंती झाली, तेव्हा लता मंगेशकर यांनी नकार दिला. ज्या समारंभात गायकाचा सन्मानच होत नाही तिथे गायचे कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. पुढे १९५९ पासून पार्श्वगायनाचे पारितोषिक सुरू झाले, मात्र ते एकच होते, गायक आणि गायिका यांच्यासाठी मिळून. पहिल्या वर्षी ते लताबाईंनाच मिळाले. ते पहिले वर्ष धरून १९६७ पर्यंतच्या नऊ वर्षांची यादी पाहिली, तर सहा वेळा ते पुरुष गायकांना मिळाले आणि तीन वेळा स्त्रीला, आणि त्या तिन्ही वेळा ती स्त्री एकच होती. आशा भोसले आणि गीता दत्त त्याच काळात गात होत्या, आणि त्यांची गाणी लोकांच्या ओठांवर होती. तरीही स्त्रीचे दुसरे नाव त्या यादीत आले नाही. १९६८ मध्ये गायक आणि गायिका अशी दोन पारितोषिके झाली आणि त्याच वर्षी गायिकेचे पारितोषिक आशा भोसले यांना मिळाले. त्यांचा आवाज १९६७ ते १९६८ या एका वर्षात अचानक चांगला झाला नव्हता. तो आवाज आधीपासून होता. त्याच्यासाठी खुर्ची मांडलेली नव्हती, इतकेच.

या यादीकडे पाहताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. एकत्र गटात स्त्रीने जिंकायचे असेल तर तिला लता मंगेशकर असावे लागत होते. पुरुषांमध्ये मात्र तीन वेगवेगळ्या गायकांना त्या नऊ वर्षांत जागा मिळाली. तिघेही थोर होते आणि त्यांच्या सन्मानाबद्दल तक्रार करण्याचे काहीच कारण नाही. पण एका बाजूला तीन प्रकारच्या आवाजांची दखल घेतली जाते आणि दुसऱ्या बाजूला एकच असामान्य आवाज सर्वांच्या वतीने उभा राहतो, याला बरोबरीची स्पर्धा म्हणता येत नाही.

चित्रपटाच्या जगातले सर्वांत गाजलेले उदाहरणही हेच सांगते. ऑस्करचा पहिला समारंभ १६ मे १९२९ रोजी झाला. अभिनयासाठी अभिनेता आणि अभिनेत्री असे दोन गट पहिल्या दिवसापासून होते, म्हणून जॅनेट गेनर यांना त्या पहिल्याच समारंभात पारितोषिक मिळाले आणि त्यानंतर दरवर्षी निदान एका अभिनेत्रीचे नाव त्या व्यासपीठावरून उच्चारले गेले. दिग्दर्शनात मात्र स्त्री-पुरुष असे वेगळे गट नव्हते. तिथे स्त्रीचे नाव नामांकनात यायला १९७७ साल उजाडले. त्या इटलीच्या लीना व्हर्टम्युलर होत्या. आणि पारितोषिक मिळायला २०१० साल यावे लागले, जेव्हा कॅथरिन बिगेलो यांनी ते स्वीकारले. समारंभ तोच, देणारी संस्थाही तीच. एका गटात पहिल्याच वर्षी स्त्रीचे नाव आले आणि दुसऱ्या गटात त्यासाठी ऐंशीहून अधिक वर्षे गेली.

याचा अर्थ वेगळे गट हीच शेवटची आणि आदर्श व्यवस्था आहे, असे मी म्हणत नाही. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाने २०२१ पासून अभिनयाची पारितोषिके स्त्री-पुरुष अशी न ठेवता प्रमुख भूमिका आणि सहायक भूमिका अशी ठेवली, आणि त्या पहिल्या वर्षी दोन्ही पारितोषिके अभिनेत्रींनाच मिळाली. प्रमुख भूमिकेचे पारितोषिक मारेन एगर्ट यांना मिळाले. ज्या ठिकाणी स्त्रियांना भरपूर आणि भरीव भूमिका मिळतात, आणि निवडसमितीचे लक्ष त्या भूमिकांकडे पुरुषांच्या भूमिकांइतकेच असते, तिथे एकच पारितोषिक ठेवायला हरकत नाही. पण अकरा विरुद्ध चाळीस ही ज्या स्पर्धेची स्थिती आहे, तिथे गट एकत्र करणे म्हणजे आधीच मागे उभ्या केलेल्यांना एका रेषेवरून धावायला सांगणे होईल. तुमच्या दिग्दर्शकांनी सांगितलेले आकडे खरे असतील, तर ते वेगळे पारितोषिक ठेवण्याच्या बाजूचे आकडे आहेत.

आणि समजा, गट एकत्र असता आणि तुम्हीच जिंकला असता, तर तेव्हा तरी कुजबुज झाली नसती, असे तुम्हाला वाटते का? क्रीडाक्षेत्रातले एक उदाहरण मला विसरता येत नाही. बार्सिलोनाच्या १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजी ही स्पर्धा स्त्री-पुरुषांसाठी एकत्र होती. चीनच्या झांग शान यांनी सर्व पुरुष स्पर्धकांना मागे टाकून सुवर्णपदक मिळवले. चार वर्षांनी अटलांटा येथे ती स्पर्धा केवळ पुरुषांसाठी ठेवली गेली आणि स्त्रियांसाठी वेगळी स्पर्धाही नव्हती, त्यामुळे सुवर्णपदक विजेत्या खेळाडूला आपले पदक राखण्यासाठी उभे राहण्याची जागाच उरली नाही. स्त्रियांची स्कीट स्पर्धा ऑलिंपिकमध्ये आली ती २००० साली, सिडनीला. वेगळ्या गटात जिंकले तर गट सोपा होता असे ऐकावे लागते आणि एकत्र गटात जिंकले तरी पुढची वाट मोकळी राहील याची खात्री नसते. म्हणून गटाच्या नावावरून आपल्या कामाची किंमत ठरवू देऊ नका.

आता थोडे परीक्षकांच्या खुर्चीतून बोलते, कारण मी त्या खुर्चीत अनेकदा बसले आहे. अंधाऱ्या प्रेक्षागृहात छोट्या विजेरीच्या उजेडात आम्ही गुण लिहितो. एका अंतिम फेरीत एका एकांकिकेत एक मुलगी नुकत्याच वारलेल्या आईचे कपडे घडी करून ट्रंकेत ठेवत होती. जवळजवळ दोन मिनिटे तिला एकही वाक्य नव्हते. एका पोलक्याची बाही उलटी राहिली होती. तिने हात आत घालून ती सरळ केली आणि हात तिथेच, त्या बाहीत, थोडा वेळ राहू दिला. प्रेक्षागृहात कुणी खोकलेसुद्धा नाही. माझ्या हातातली पेन्सिल कागदावर टेकलेली होती आणि प्रवेश संपून ब्लॅकआउट झाला, तेव्हा माझ्या लक्षात आले की मी आकडा लिहिलेलाच नाही. त्या रात्री अभिनयाचे जे गुण मी दिले, त्यांत सर्वाधिक गुण त्या मुलीचे होते. स्त्रियांमध्ये सर्वाधिक असे नव्हे, रंगमंचावर आलेल्या सर्वांमध्ये. आमच्या गुणपत्रिकेत अभिनयाचा रकाना एकच होता. स्त्री आणि पुरुष अशा याद्या नंतर, निकाल लिहिताना वेगळ्या केल्या गेल्या. बाहेर जाहीर झाले ते केवळ 'स्त्री अभिनय, प्रथम', आणि तिचा आकडा कुणालाच कळला नाही. तुमच्याही स्पर्धेत असेच झाले असेल, असा दावा मी करत नाही. पण आपला गट वेगळा होता म्हणून आपले गुण कमीच असणार, हे तुम्ही जे मनाशी धरून बसला आहात, त्याला काहीही आधार नाही.

त्याच रात्रीची दुसरी गोष्टही सांगायला हवी, जरी ती सांगताना मला वाईट वाटते. निकालाच्या बैठकीत आमच्यातले एक ज्येष्ठ परीक्षक म्हणाले, "स्त्रियांचे पटकन उरकून घेऊ, खरा वाद पुरुषांच्या यादीत आहे." आणि आम्ही ते खरोखरच दहा मिनिटांत उरकले. पुरुषांच्या यादीवर मात्र तासभर चर्चा झाली, एकेकाच्या प्रवेशाची आठवण काढून झाली, कुणाच्या शब्दफेकीबद्दल दुमत झाले. प्रथम क्रमांकाबद्दल आमच्यात मतभेद नव्हता हे खरे, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकासाठी ज्या मुली होत्या, त्यांच्या कामावर तेवढेच बोलणे व्हायला हवे होते, आणि मी ते म्हटले नाही. मी गप्प बसले. तेव्हापासून कुठेही परीक्षक म्हणून गेले की स्त्रियांची यादी आधी घ्यावी आणि तिला पूर्ण वेळ द्यावा, असा आग्रह मी धरते. तुमच्या दिग्दर्शकांच्या मनातली समजूत अशाच बैठकांतून आणि अशाच उरकाउरकीतून तयार होते, म्हणून तिचा दोष मी त्यांच्या एकट्याच्या माथी मारणार नाही. पण त्यांनी ती सर्वांसमोर बोलून दाखवली आणि तुम्हाला हसावे लागले, ही जबाबदारी मात्र त्यांचीच आहे.

पुरस्कार नाकारणे ही गोष्ट मुळातच वाईट आहे, असेही नाही. लता मंगेशकर यांनीच १९७० मध्ये फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाल्यानंतर, यापुढे नव्या गायिकांना संधी मिळावी म्हणून आपला विचार होऊ नये, असे जाहीर केले. त्या नकारामागे पुरेपूर मिळवून झाल्याचे समाधान होते आणि त्यातून दुसऱ्या कुणासाठी तरी जागा मोकळी होत होती. तुमच्या नकारातून कुणासाठी जागा मोकळी होणार आहे? एका माणसाचे बोलणे बरोबर होते, अशी लेखी कबुली तेवढी आयोजकांच्या फायलीत जाईल. पुढे कधी, चार-सहा पारितोषिकांनंतर, नव्या मुलींसाठी बाजूला व्हावेसे वाटले, तर त्या वेळी अवश्य व्हा. आज नको.

दिग्दर्शकांशी बोलावे का? बोलावे, पण तालमीत सर्वांसमोर नको आणि पारितोषिकाचा बचाव करण्यासाठी तर मुळीच नको. पुढच्या वर्षीची संहिता निवडण्याआधी त्यांना वेगळे भेटा आणि शांतपणे सांगा, की तुमचे अकरा आणि चाळीस हे आकडे माझ्या मनात राहिले आहेत, आणि आपल्या संस्थेत वाचन द्यायला नऊ जणी आल्या असताना नाटकात स्त्रियांच्या भूमिका दोनच होत्या, तर यंदा किमान चार भूमिका स्त्रियांसाठी असलेली संहिता आपण शोधूया. संहिता निवडणाऱ्या समितीत बसण्याची इच्छाही त्याच वेळी व्यक्त करा. पारितोषिक मिळाल्यानंतरचे काही महिने असे असतात की संस्थेतले लोक तुमचे म्हणणे एरवीपेक्षा थोडे अधिक लक्ष देऊन ऐकतात. त्याचा उपयोग अशा मागणीसाठी करणे यात अहंकार नाही. उलट त्या आठ जणींपैकी दोघींना जरी पुढच्या वर्षी रंगमंचावर उभे राहता आले, तरी 'तुमच्यात चढाओढ कुठे होती' हा प्रश्न विचारणे पुढच्या वेळी जरा कठीण होईल. ते नाही म्हणाले, तर निदान त्यांचे कारण तुम्हाला स्पष्ट शब्दांत ऐकायला मिळेल आणि पुढे याच संस्थेत राहायचे की नाही, हे ठरवायला ते उपयोगी पडेल.

आणखी एक छोटी गोष्ट करा. बहुतेक स्पर्धांत निकालानंतर परीक्षकांशी बोलण्याची सोय असते किंवा आयोजकांमार्फत त्यांचा अभिप्राय मागवता येतो. तो मागवा. मला किती गुण मिळाले, असे विचारू नका. कोणत्या प्रवेशात माझे काम तुम्हाला पटले आणि कुठे कमी पडले, असे विचारा. परीक्षकाने तुमच्या कामातला एखादा नेमका क्षण बोट ठेवून दाखवला, की गटात किती जणी होत्या हा प्रश्न आपोआप मागे पडतो, आणि काय कमी पडले ते कळले तर पुढच्या तालमीला त्याचाच अधिक उपयोग होतो.

राहिली तुमची मैत्रीण. तुम्ही हा विषय ताज्या कलमात ढकलला आहे, पण मला तो तितका लहान वाटत नाही. अभिनयाचे पारितोषिक एकीला मिळते आणि अभिनय मात्र समोरच्या व्यक्तीकडून येणाऱ्या प्रतिसादावर उभा राहतो. तिने ऐकले नसते तर तुमचे बोलणे पोहोचले नसते, हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि म्हणूनच तुम्हाला अवघडल्यासारखे होते. तिची समजूत घालू नका, कारण समजूत घातली की ती हरली आहे असे तुम्हीच ठरवून टाकता. 'खरे तर तुलाच मिळायला हवे होते' असेही म्हणू नका. ते खरे नसेल तर तिला लगेच कळेल, आणि खरे असेल तर तिला त्याने दुःखच होईल. तिला एक नेमका प्रसंग सांगा. तुमच्या दोघींच्या प्रवेशात असे एखादे ठिकाण नक्की असेल, जिथे तिने थांबण्याची वेळ अशी पकडली की तुमचे पुढचे वाक्य आपसूक खरे निघाले. ते ठिकाण तिला सांगा, त्या वेळी तुम्हाला आत काय झाले तेही सांगा, आणि नंतर, पुढची संहिता शोधायला ती तुमच्यासोबत बसेल का, हे विचारा. चार स्त्रियांच्या भूमिका असलेले नाटक शोधायचे तर वाचायला दोघी लागतील.

तिला घरी बोलावणार असाल, तर त्याआधी मानचिन्ह माळ्यावरून खाली काढून ठेवा. ते कुठे ठेवले आहे, हे तिने विचारल्यावाचून राहणार नाही.